म्यूझस्कोरमध्ये तालवाद्यांचा जोर आणि आवाज: ढोल-ताशाच्या मांडणीवरून

ताशाचा एक साधा ठेका घ्या. चार मात्रांचे आवर्तन आणि प्रत्येक मात्रेत चार ठोके, म्हणजे एकूण सोळा ठोके. हाताने वाजवताना या सोळांपैकी तीन-चारच ठोके कानात ठसतात आणि उरलेले त्यांच्यामधली जागा भरून काढतात. हाच ठेका म्यूझस्कोर या संगीत लिहिण्या-वाजवण्याच्या संगणक प्रणालीत लिहून वाजवला की सोळाही ठोके एकाच वजनाने पडतात आणि ठेक्याचा डौल नाहीसा होतो. एका पथकातल्या नव्या वादकांना घरी सराव करता यावा म्हणून मी ढोल, ताशा आणि झांज यांची मांडणी लिहिली, तेव्हा हीच अडचण आली. लेखनात चूक नव्हती. कागदावर वादकासाठी काढलेली खूण आणि संगणकाला लागणारा आकडा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि ही अडचण या फरकातून येते. हा लेख तो फरक सांभाळून काम कसे करावे याविषयी आहे. स्टाफ नोटेशनची आणि म्यूझस्कोरची प्राथमिक ओळख वाचकाला आहे असे गृहीत धरले आहे. मेनूंची नावे चौथ्या आवृत्तीतली आहेत, आणि तिसऱ्या आवृत्तीत काही वेगळे असेल तिथे तसे सांगितले आहे.

जोर ठरतो तो ठोका पडतानाच

बासरीवादक लांब स्वर धरून तो हळूहळू मोठा करू शकतो. ढोलावर तसे होत नाही. टिपरू (ढोलाची काठी) ढोलाच्या तोंडावरच्या पानावर पडले की त्या ठोक्याचा जोर ठरून जातो, आणि त्यानंतर आवाज फक्त विरत जातो. प्लेबॅकमध्येही, म्हणजे संगणक लिहिलेले वाजवून दाखवतो तेव्हाही, हेच तत्त्व असते. प्रत्येक स्वराबरोबर ध्वनियंत्रणेकडे व्हेलॉसिटी नावाचा एक आकडा जातो आणि त्यावरून ठोक्याचा जोर ठरतो. हा आकडा १ ते १२७ पर्यंत असतो, कारण मिडीमध्ये, म्हणजे वाद्ये आणि संगणक यांच्यातल्या संदेशांच्या मानकात, शून्य जोराचा ठोका म्हणजे स्वर थांबवण्याची सूचना मानली जाते. म्हणून झांजेच्या एकाच पूर्ण स्वराखाली क्रेसेंडोची (आवाज हळूहळू वाढवण्याची) खूण काढली तर ती वादकालाही पाळता येत नाही आणि संगणकालाही. क्रेसेंडो हवा असेल तर ठोके अनेक असावे लागतात.

आपण लिहिलेल्या फोर्टे (जोरात), पियानो (हळू) यांसारख्या खुणांचे म्यूझस्कोर अशाच आकड्यांत रूपांतर करतो. तिसऱ्या आवृत्तीत खूण निवडली की इन्स्पेक्टरमध्ये हे आकडे दिसतात. पियानिसिमो ३३, पियानो ४९, मेझो-पियानो ६४, मेझो-फोर्टे ८०, फोर्टे ९६, फोर्टिसिमो ११२ आणि तीन एफची खूण १२६ असे ते आहेत. खूणच नसेल तर मेझो-फोर्टे धरला जातो. ताशाचे सोळाही ठोके सारखे वाजण्याचे कारण इथेच आहे.

हे आकडे जवळपास समान अंतराने चढत असले तरी कानाला तसे वाटत नाही. साउंडफाँटच्या (वाद्यांच्या ध्वनिनमुन्यांच्या फाइलच्या) मूळ नियमाप्रमाणे आकडा निम्मा झाला की आवाज साधारण १२ डेसिबलने उतरतो. या हिशेबाने पियानिसिमोपासून पियानोपर्यंत सुमारे ७ डेसिबलची चढण मिळते, पण फोर्टेपासून फोर्टिसिमोपर्यंत ती जेमतेम पावणेतीन डेसिबलची असते आणि तिथून वर दोन डेसिबलच उरतात. त्यामुळे ठेका उठून दिसत नाही म्हणून फोर्टेचे फोर्टिसिमो आणि फोर्टिसिमोचे तीन एफ करत जाण्याने काही हाती लागत नाही. वर जागाच नसते. ठसणारा ठोका ठसवायचा असेल तर बाकीचे ठोके खाली आणावे लागतात. या लेखातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

वाद्ये वेगवेगळी मांडा

सगळी तालवाद्ये एकाच ड्रमसेटच्या स्टाफवर लिहिण्याचा मोह होतो, कारण कागद वाचतो. तसे केल्यास मिक्सरमध्ये तिन्ही वाद्यांना मिळून एकच पट्टी मिळते आणि ढोल कमी करायला गेले की ताशाही कमी होतो. म्हणून इन्स्ट्रुमेंट्सच्या यादीतून ड्रमसेट तीन वेळा घ्यावा आणि प्रत्येकाला ढोल, ताशा, झांज अशी नावे द्यावीत. मिक्सर एफ१० या कळीने उघडतो. त्यात तीन स्वतंत्र पट्ट्या दिसल्या की मांडणी बरोबर झाली असे समजावे.

मिक्सरमध्ये प्रत्येक वाद्याचा ध्वनिस्रोत निवडता येतो. म्यूझ साउंड्स या म्यूझस्कोरच्याच ध्वनिसंग्रहाचे नमुने ऐकायला उत्तम आहेत. तरीही ठोक्यागणिक आकडे लावायचे असतील तर काम साउंडफाँटवर सुरू करावे असा माझा आग्रह आहे. म्यूझस्कोरबरोबर येणारा एमएस बेसिक त्यासाठी पुरतो. आकडा बदलला की आवाज किती बदलतो हे त्यात सरळ कळते.

कोणत्या क्रमांकाचा कोणता आवाज

१९९१ मध्ये ठरलेल्या जनरल मिडी या मानकाने दहावे चॅनल तालवाद्यांसाठी राखले आणि ३५ ते ८१ या स्वरक्रमांकांना एकेक तालवाद्य नेमून दिले. त्यात ३६ म्हणजे बेस ड्रम, ३८ म्हणजे स्नेअर, ४२ बंद हाय-हॅट, ४६ उघडा हाय-हॅट (हाय-हॅट म्हणजे पायाने उघड-मिट होणारी झांजांची जोडी), ४९ क्रॅश झांज आणि ५४ खंजिरीसारखा टॅम्बरीन. या यादीत ढोल नाही, ताशा नाही आणि लेझीमही नाही. त्यामुळे जवळचा आवाज शोधावा लागतो.

ताशासाठी मी ६५ क्रमांकाचा चढा टिंबाले घेतो. टिंबालेचे अंग धातूचे असते आणि तो काड्यांनी वाजतो, त्यामुळे ताशाच्या भांड्याची तडतड त्यात बऱ्यापैकी येते. स्नेअरच्या खालच्या तारांची खरखर ताशात नसते, म्हणून ३८ टाळावा. ढोलासाठी ४१ आणि ४३ हे फ्लोअर टॉम घ्यावेत. एक टिपऱ्याच्या ठोक्यासाठी आणि दुसरा हाताच्या थापेसाठी ठेवावा, आणि कोणता कशासाठी हे आपल्या ढोलाच्या पानांचे ताण ऐकून ठरवावे. झांजेसाठी ४९ क्रमांक सहज सुचतो, पण त्यात एक अडचण आहे आणि ती पुढे येईल.

हे क्रमांक स्टाफवरच्या रेषांशी जोडण्यासाठी ड्रमसेट संपादित करावा लागतो. ४.५ आवृत्तीपासून तालवाद्यांसाठी नवे पॅनल आले आहे, आणि त्यातच किट बदलण्याची सोय आहे. आधीच्या आवृत्त्यांत नोंदपट्टीवरच्या एडिट ड्रमसेट या बटणाने तक्ता उघडतो. प्रत्येक क्रमांकासाठी नाव, स्वराच्या डोक्याचा आकार, रेषा, व्हॉइस (एकाच स्टाफवरचा स्वतंत्र थर), दांडीची दिशा आणि नोंदीची कळ ठरवता येते. ढोलाच्या तक्त्यात नको असलेली वाद्ये काढून दोनच ओळी ठेवाव्यात. टिपऱ्याचे डोके नेहमीचे आणि थापेचे फुलीचे ठेवले तर वाचणाऱ्यालाही सोपे जाते. तक्ता तयार झाला की तो .डीआरएम फाइलमध्ये जतन करावा. पुढच्या मांडणीत तो थेट उघडता येतो.

लिहिण्याआधी आवाजाची परीक्षा घ्या

ही पायरी बहुतेक जण वगळतात. माझ्या मते पुढचा निम्मा त्रास त्यामुळेच होतो. एक कोरी फाइल घ्यावी आणि ताशाचा एकच ठोका चार-चार मात्रांच्या अंतराने तेरा वेळा लिहावा. पहिल्याला १०, दुसऱ्याला २०, असे करत बाराव्याला १२० आणि तेराव्याला १२७ आकडा द्यावा. आकडा देण्यासाठी स्वराचे डोके निवडावे, प्रॉपर्टीज पॅनलमध्ये जनरल या भागातले प्लेबॅक उघडावे आणि व्हेलॉसिटीच्या चौकटीत संख्या भरावी. चौकटीत शून्य असेल तर स्वर वरच्या खुणेप्रमाणे वाजतो. दुसरी कोणतीही संख्या असेल तर ती त्या ठोक्यापुरती खुणेला बाजूला सारते.

आता डोळे मिटून ऐकावे. आवाज सगळीकडे सारखा चढत नाही हे लगेच लक्षात येईल. अनेक साउंडफाँटमध्ये हलक्या आणि जोरकस ठोक्यांचे ध्वनिमुद्रण वेगवेगळे असते आणि एका ठरावीक आकड्यावर एक मुद्रण संपून दुसरे सुरू होते. तिथे नुसता आवाजच नाही तर पोतही एकदम बदलतो. हा सांधा कुठे आहे ते कागदावर टिपून ठेवावे. दबके ठोके पूर्णपणे त्याच्या खाली ठेवावेत आणि ठसणारे पूर्णपणे वर. सांध्याच्या आसपास ६८, ७२, ७० असे आकडे ठेवले तर मधूनच एखादा ठोका दुसऱ्याच वाद्याचा वाटतो आणि चूक कुठे आहे ते सापडत नाही. सांधा जिथे हवा तिथे हलवायचाच असेल तर पॉलीफोन हा मोफत संपादक वापरून साउंडफाँटमध्येच बदल करता येतो, पण ते काम स्वतंत्र आहे.

ताशाच्या एका आवर्तनाचे आकडे

परीक्षा झाल्यावर ठेक्याकडे वळावे. वर सांगितलेल्या सोळा ठोक्यांना मी हे आकडे देतो. पहिली मात्रा: १०८, ५२, ६४, ५०. दुसरी: ८४, ५२, ६६, ५०. तिसरी: ९६, ५२, ६४, ५०. चौथी: ८४, ५४, ७०, ९२. सम सर्वांत जड आहे, तिसऱ्या मात्रेला त्याच्या खालोखाल वजन आहे, आणि शेवटचा ९२ हा पुढच्या समेकडे ढकलणारा ठोका आहे. प्रत्येक मात्रेतला तिसरा ठोका दुसऱ्या आणि चौथ्यापेक्षा किंचित वर ठेवला आहे, कारण एकाआड एक हात पडताना वादकाच्या सरावाच्या हाताचे वजन तिथे येते. सम आणि तिच्या लगेच पुढचा दबका ठोका यांत सुमारे १३ डेसिबलचे अंतर पडते. कागदावर हे अंतर अवास्तव वाटेल, पण प्रत्यक्ष ऐकताना ठेका तेव्हाच मोकळा होतो.

एक आवर्तन मनासारखे झाले की ते निवडून पुढच्या आवर्तनांवर चिकटवावे. स्वरांबरोबर त्यांचे आकडेही जातात. मात्र चार-पाच आवर्तनांनंतर काही आकडे दोन-चारने मागेपुढे करावेत, नाहीतर कान ती नक्कल ओळखतो. एकाच प्रकारच्या सगळ्या ठोक्यांना एकदम आकडा द्यायचा असेल तर त्यांपैकी एकावर उजवे बटण दाबून सिलेक्ट, मग मोअर निवडावे आणि समान पिच किंवा समान डोके ही अट लावावी. झांजेचे सगळे बंद ठोके एका झटक्यात खाली आणायला हा मार्ग उत्तम आहे.

यात एक गोष्ट विसरू नये. हे आकडे निरपेक्ष असतात. पुढे एखाद्या भागात पियानोची खूण टाकली तरी आकडे दिलेले ठोके जागचे हलत नाहीत, आणि खुणेप्रमाणे चालणारे ठोके मात्र खाली जातात. म्हणून संपूर्ण मांडणीत जोराची चढउतार असेल तर प्रत्येक ठोक्याला आकडा देऊ नये. अशा ठिकाणी दुसरा मार्ग अधिक भरवशाचा आहे. ठसणारे ठोके पहिल्या व्हॉइसमध्ये ठेवावेत, दबके ठोके निवडून कंट्रोल, आल्ट आणि २ या कळांनी दुसऱ्या व्हॉइसमध्ये टाकावेत, आणि दोघांना वेगवेगळ्या खुणा द्याव्यात. ४.४ आवृत्तीपासून खूण एकाच व्हॉइसपुरती लावता येते. पहिल्याला फोर्टे आणि दुसऱ्याला पियानो दिले, पुढे मेझो-पियानो आणि पियानिसिमो, की दोन्ही थर आपापले अंतर राखून एकत्र खाली-वर होतात. तिसऱ्या आवृत्तीत स्वराचा आकडा निरपेक्ष न ठेवता टक्क्यांत कमी-जास्त करण्याचा पर्याय आहे, आणि त्यानेही हेच साधते.

तर्रीसाठी लपवलेला थर

व्हॉइस वेगळे केले की छापील पानावर दांड्या वर-खाली विखुरतात आणि वादकाला वाचायला त्रास होतो. पान वादकासाठी असते. चांगल्या प्लेबॅकसाठी ते बिघडवणे मला पटत नाही. तेव्हा पान एक आणि ऐकण्याचा थर दुसरा असे दोन भाग करावेत. याची खरी गरज तर्रीत, म्हणजे ठोके इतके जलद पडतात की सलग आवाज वाटतो तिथे, भासते.

छापील स्टाफवर तर्री म्हणजे लांब स्वराच्या दांडीवर तीन तिरक्या रेघा आणि खाली क्रेसेंडोची खूण. वादकाला एवढे पुरते. प्लेबॅकसाठी मात्र ‘ताशा – ऐकण्यासाठी’ या नावाचे चौथे वाद्य घ्यावे आणि तीच तर्री तिथे सुट्या ठोक्यांत लिहावी. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत एका मात्रेत आठ ठोके घेतले तर सेकंदाला सुमारे तेरा ठोके पडतात, आणि तर्रीचा भास होण्यास ते पुरेसे आहेत. दोन मात्रांची चढती तर्री असेल तर सोळा ठोके होतात.

त्यांचे आकडे ४० पासून ११० पर्यंत समान पायऱ्यांनी चढवले तर तर्री सुरुवातीलाच भसकन वर येते आणि शेवटी जागच्या जागी घुटमळते. वर सांगितलेला डेसिबलचा हिशेब इथे नडतो. म्हणून प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा सुमारे सात टक्क्यांनी वाढवावा: ४०, ४३, ४६, ४९, ५२, ५६, ६०, ६४, ६९, ७३, ७९, ८४, ९०, ९६, १०३, ११०. आता प्रत्येक पायरी सव्वा डेसिबलच्या आसपास राहते आणि चढण एकसंध ऐकू येते. त्यानंतर एकाआड एक ठोक्यातून तीन-चार वजा केले की दोन हातांचा फरकही उतरतो.

शेवटी छापील तर्रीचे स्वर निवडून प्रॉपर्टीजमधली प्ले ही खूण काढावी, म्हणजे ते दिसतील पण वाजणार नाहीत. ऐकण्याचे वाद्य इन्स्ट्रुमेंट्सच्या यादीतल्या डोळ्याच्या चिन्हाने लपवावे. अलीकडच्या आवृत्त्यांत लपवलेली वाद्ये आपोआप गप्प ठेवण्याचा पर्याय असतो. तो चालू राहिला तर सगळे बरोबर करूनही तर्री ऐकू येत नाही, म्हणून प्रेफरन्सेसमध्ये जाऊन तो बंद करावा. फक्त एखादी खूण किंवा एखादाच स्वर लपवायचा असेल तर तो निवडून व्ही ही कळ दाबली की पुरते. लपवलेली खूण प्लेबॅकमध्ये आपले काम करत राहते.

झांज थांबवणे

झांजेचा ठोका लिहून पुढे विश्रांतीची खूण टाकली तरी आवाज घुमतच राहतो, आणि अनेकांना ती प्रणालीतली चूक वाटते. तालवाद्यांचे बहुतेक नमुने स्वराची लांबी न पाहता शेवटपर्यंत वाजतात. खऱ्या ढोलाचा आवाजही लिहिलेल्या स्वराबरोबर तुटत नाही, त्यामुळे हे योग्यच आहे. पण झांज छातीशी लावून दाबण्याचा परिणाम हवा असेल तर ४९ क्रमांकात तो मिळत नाही.

इथे हाय-हॅटची रचना उपयोगी पडते. ४२, ४४ आणि ४६ हे तीन आवाज बहुतेक साउंडफाँटमध्ये एकाच गटात बांधलेले असतात, आणि त्यांपैकी एक वाजला की आधीचा तत्काळ तुटतो. म्हणून उघड्या झांजेसाठी ४६ घ्यावा आणि जिथे ती दाबायची तिथे ४४ चा ठोका अगदी कमी आकड्याने, १० ते १५ च्या आसपास ठेवून, व्ही कळीने लपवावा. घुमणारा आवाज नेमका त्या मात्रेवर थांबतो. ४६ ची झांज मोठ्या झांजेपेक्षा पातळ वाजते, त्यामुळे मी दाबायच्या जागी ४६ आणि मोकळ्या घोषाच्या जागी ४९ असे दोन्ही वापरतो.

मिक्सर आणि निर्यात

ठोक्यांचे आपसातले नाते जुळल्यावरच मिक्सरला हात लावावा. वाद्यांमधला तोल तिथे साधायचा असतो, ठेक्यातला जोर नव्हे. पट्ट्या शून्य डेसिबलवर असतात. ढोल शून्यावर ठेवून ताशा आणि झांज खाली आणाव्यात, आणि एकत्र वाजताना मुख्य पट्टीचा दर्शक लाल होत नाही ना हे सर्वांत दाट जागी पाहावे. तालवाद्यांना रिव्हर्ब (घुमारा) कमी ठेवावा, कारण दबके ठोके त्यात सर्वांत आधी बुडतात. तपासणी हेडफोनवर आणि मोबाइलच्या स्पीकरवर अशी दोन्हीकडे करावी. मोबाइलवर ढोलाचा खर्ज जवळजवळ गायब होतो. नवे वादक बहुधा त्यावरच ऐकणार असतील तर टिपऱ्याच्या ठोक्याचा आकडा थोडा वाढवून त्याची कडा ऐकू येईल असे करावे.

सरावासाठी एमपी३ द्यायची असेल तर काम इथे संपते. मिडी फाइल दिली तर आकडे बरोबर जातात, पण आवाज ऐकणाऱ्याच्या संगणकातला असतो. आपण पॉलीफोनमध्ये बदललेला साउंडफाँट त्याबरोबर जात नाही. म्यूझिकएक्सएमएल या नोटेशनच्या देवाणघेवाणीच्या फाइलप्रकाराने दुसऱ्या प्रणालीत न्यायचे असेल तर दोन बाबी तपासाव्यात. त्यात स्वराचा जोर आकड्याऐवजी ९० या पायाच्या टक्क्यांत लिहिला जातो, त्यामुळे ४५ चा ठोका ५० म्हणून दिसतो. आणि तालवाद्याचा क्रमांक त्यात १ पासून मोजला जातो, म्हणून ६५ चा टिंबाले फाइलमध्ये ६६ म्हणून नोंदलेला असतो. दुसरीकडे फाइल उघडल्यावर ताशाच्या जागी खालच्या सुराचा टिंबाले वाजू लागला तर हा एकाचा फरक कुठेतरी दुरुस्त व्हायचा राहिला आहे असे समजावे, आणि त्या प्रणालीतल्या ताशाच्या तक्त्यात क्रमांक हाताने ६५ करावा.